ओळ सांगणारी

आमच्या चर्चमधली रविवारची गीते मी ठरवते, हे सांगताना मला अजून जरा संकोच वाटतो. मी संगीत शिकलेले नाही. गुरुवारी पाळकसाहेब फोनवर वचनाचा भाग कळवतात. तो वाचून मी चार गीते काढते : सुरुवातीचे, संदेशाआधीचे, दानार्पणाचे आणि शेवटचे. शनिवारी संध्याकाळी सराव होतो. पेटीवर पोस्टातून निवृत्त झालेले काका असतात आणि गिटारवर कॉलेजात शिकणारी एक मुलगी. पट्टी सगळ्यांना झेपेल अशी धरायची, म्हणजे माझ्या आवाजापेक्षा थोडी खालची. काम एवढेच, पण ते माझ्या वाट्याला आले याबद्दल मी देवाचे आभार मानते.

बाबा गेल्यावर माय चांदूर बाजारकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे अमरावतीला राहायला आली. पहिले काही रविवार ती हौसेने माझ्या स्कूटीवर मागे बसून चर्चला आली. मग तिचे गुडघे दुखू लागले. ते रविवारी सकाळीच दुखत. सोमवारी ती बाजारात तासभर फिरून भाजी आणायची.

एक दिवस म्हणाली, "मी अकोल्याले जातो. पोराकडे राह्यतो. त्याचं चर्च लहान हाय, आपल्यासारखं."

"अन् इथलं?"

"इथलं चांगलंच हाय. तुमचं हाय."

ते 'तुमचं' मला लागले. ज्या बाईने मला मांडीवर घेऊन गायला शिकवले, ती माझ्या चर्चला परके म्हणत होती, आणि मला कारण कळत नव्हते.

कारण कळले ते अंबाडीची भाजी निवडताना. माय गुणगुणत होती. आमचेच एक नवे गीत होते. दोन ओळी तिने नीट म्हटल्या आणि पुढे नुसतीच चाल.

"पुढचं काहून नाही म्हणत?"

"पुढचं तिकडं पडद्यावर हाय. पडदा घरी आणू काय?" म्हणून ती हसली. मला मात्र हसता आले नाही.

मायला वाचता येत नाही, हे मला काही नव्याने कळायचे नव्हते. पण चर्चमध्ये गीतांचे शब्द दाखवणारा तो पडदा मीच लावून घेतला होता. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बसून एकेक गीत मी टाइप केले होते. पुस्तके आणायची कटकट गेली म्हणून सगळ्यांनी कौतुक केले होते. त्या कौतुकात, पडद्याकडे बघून ओठ नुसते हलवणारी माझी माय मला दिसली नव्हती.

गावाकडे वाचणारे दोन-चारच होते. म्हणून तिथे एकाने ओळ सांगायची आणि मग सगळ्यांनी ती गायची, अशी रीत होती. ओळीचा शेवटचा सूर विरायच्या आत पुढची ओळ सांगायची, म्हणजे गाणे तुटत नाही. चौथीत गेल्यावर ते काम मला मिळाले. पुढे मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पण माझ्या वाचण्याचा पहिला उपयोग झाला तो तिथे, माणसांच्या तोंडी ओळ देण्यासाठी.

एकदा एका बाळाच्या बाप्तिस्म्याला माझ्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली आणि मी मरणाची नदी ओलांडायची ओळ सांगितली. सगळ्यांनी ती खणखणीत गायली! बाळाच्या आजीनेसुद्धा. मी रडवेली झाले. उपासनेनंतर आजी म्हणाली, "रडतं काहून? तू सांगतलं, आमी म्हटलं. नदी त सगळ्याईलेच ओलांडायची हाय." त्या माणसांनी मला चुकीच्या ओळीवरही एकटे सोडले नाही. मी आज चारचौघांत उभी राहून बोलू शकते, ते त्यांच्यामुळे.

हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार, जवळ आली होती. मी पाळकसाहेबांना विचारले, "या रविवारी ओळी सांगून गाऊ या का?"

"वेळ लागेल."

"मग तीनच गीते घेऊ."

ते तयार झाले. सरावाला गिटारवाली म्हणाली, "दीदी, हे तर पाढे म्हणल्यासारखं होऊन राह्यलं!" पेटीवाले काका म्हणाले, "होऊ दे. तुले पाढे कुठं येतात?" ती हसली, पण मी बोलत असताना हळू वाजवायला शिकली.

घरी मी मायला सांगितले, "रविवारी मी ओळ सांगणार हाय."

तिने लाटणे थांबवले. "कोणाले?"

"ज्याले पाहिजे त्याले."

"गुडघे काय म्हणतात ते पाह्यतो," ती म्हणाली.

गुडघ्यांनी परवानगी दिली. पुढे मेजावर संत्री, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे आणि कापूस मांडला होता. माय मागच्या बाकावर, कडेला बसली. पहिले गीत अडखळतच गेले. लोक माझी ओळ संपायच्या आधीच पडदा वाचून सुरू होत. मायचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या गीतालाही तेच झाले. आता ती नक्की अकोल्याला जाते, असे मला वाटले.

शेवटचे दानार्पणाचे गीत होते. माझा सगळा जीव त्या मागच्या बाकात अडकलेला होता. पहिले कडवे झाले आणि मी दुसऱ्याऐवजी तिसऱ्या कडव्याची ओळ सांगून बसले. पडद्यावर दुसरेच होते. सगळे गोंधळून गप्प झाले. गिटारवाली माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात मागून एकच आवाज आला, मायचा. डोळे मिटून, पूर्ण ताकदीने, ती मी सांगितलेली ओळ गात होती. तिला पडद्याशी काही देणेघेणे नव्हते. मी पुढची ओळ सांगितली. तीही तिने उचलली. मग काकांनी पेटी तिच्या मागे नेली आणि हळूहळू सगळे चर्च पडदा सोडून तिच्या मागे आले. तिसरे झाल्यावर मी दुसरे सांगितले. तेही सगळ्यांनी गायले.

बाहेर आल्यावर मायने विचारले, "दोन पानं उलटली काय वं पुन्हा?"

"पान कुठं होतं माय? पडदा होता."

"तरी उलटली," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून स्कूटीवर बसली.

"अकोल्याले कधी जातं मग?"

"जाईन. सोमवारी जाईन, शनिवारी येईन."

रस्त्यात ती मागे बसून तेच गीत म्हणत होती. आधी पहिले कडवे, मग तिसरे, मग दुसरे. घर येईपर्यंत कुठेही न अडता.