चाखणाऱ्या साहेबांचा डबा

नोकरीत केसेस पुष्कळ केल्या. आता त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, कुठला चोर कुठल्या गुन्ह्यातला ते सांगता येत नाही. ही एक मात्र वेगळी राहिली. अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्यातूनच वर चढत फौजदार झालो. लिहिण्याचा सराव म्हणजे पंचनामे आणि जबाब. इथेही तसंच लिहीन, फुलं लावणार नाही. आमची ही गेल्यापासून घरात आवाज नाही, म्हणून वही घेऊन बसलो. नाव कुणाचंच देत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, शेवटाकडची. मी तेव्हा विक्रोळीच्या बाजूला एका ठाण्यात होतो. हद्दीत रमचा एक कारखाना होता. गेटमधून मळीचे टँकर आत जायचे, बाटल्यांचे ट्रक बाहेर यायचे. वारा आमच्याकडे वळला की ठाण्यात गूळ करपल्यासारखा वास भरायचा. नव्या शिपायाचं आठवडाभर डोकं दुखायचं, मग सवय व्हायची.

त्या वर्षी बाजारात या कंपनीची डुप्लिकेट रम फार आली. लेबल तेच, बूच तेच, आत काय ते देव जाणे. कंपनीचा मॅनेजर सारखा ठाण्यात येऊन बसायचा. म्हणायचा, "फौजदारसाहेब, आतलाच माणूस फुटलाय. आमचा मसाला, कशात काय घालतो ते, बाहेर जातोय."

गेटसमोर चहाची टपरी होती. तो चहावाला माझा खबरी. एक दिवस कप पुढे करता करता बोलला, "साहेब, चाखणाऱ्या साहेबांवर नजर ठेवा."

"का रे?"

"जेवल्यावर डबा हलका होतो ना? पिशवी हलवत जातो माणूस. हे जाताना पिशवी सरळ धरून चालतात. सांडेल म्हणून."

कारखान्यात चाखणारे साहेब म्हणजे मोठा मान. कुठलं पिंप तयार झालं, कशात काय किती मिसळायचं, ते हेच ठरवणार. मूळ गाव मालवणकडे, राहायला मुलुंडला. पान नाही, तंबाखू नाही. नाकाला जपायचं म्हणून अत्तरसुद्धा लावायचे नाहीत. सगळे त्यांना वाकून असत. अशा माणसावर संशय घ्यायला मलाही जड गेलं, पण खबरीची नजर खोटी नव्हती.

दोन पंच घेऊन गेटवर उभा राहिलो. पाळी सुटली, ते आले, पिशवी तपासली. डब्याच्या खालच्या पुडात फडक्यात गुंडाळलेल्या अंगठ्याएवढ्या बाटल्या निघाल्या. आत लालसर रम. नमुन्याच्या बाटल्या होत्या त्या, चाखायच्या खोलीतल्या. साहेबांनी हात झटकले नाहीत की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "इथे नको. ठाण्यात चला."

मॅनेजरने फिर्याद दिली. कलम तीनशे एक्याऐंशी, नोकराने मालकाची केलेली चोरी. मुद्देमाल सील केला, आरोपीचा रिमांड घेतला.

"विकता कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला नाही."

"मग घरी पिता?"

"मी घरी थेंब घेत नाही."

"मग काय, देवाला नैवेद्य दाखवता?"

आमचा हवालदार हसला. साहेब खाली बघून म्हणाले, "चोरी लिहा. मी सही करतो."

आता सांगतो. चोर आधी नाही म्हणतो, मग रडतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. हा माणूस सही द्यायला बसला होता. सही स्वतःहून देणारा माणूस त्याहून मोठं काहीतरी झाकत असतो.

मी हात लावला नाही. चहा दिला आणि म्हटलं, ठीक आहे, चोरी राहू दे. रम कशी करतात तेवढं सांगा, मला अडाण्याला कळू दे. तो माणूस एकदम सरळ बसला. उसाची मळी कशी आंबवतात, भट्टीतून उतरते ती पाण्यासारखी पांढरी कशी असते. "तिला रम म्हणू नका," म्हणाले. "ती नुसती आग. आतून जाळलेल्या लाकडाच्या पिंपात बसली की मग रम होते. उन्हाळ्यात पिंप तिला आत ओढतं, थंडाव्यात परत सोडतं. येता-जाता लाकडाचा रंग घेते, वास घेते. थोडी उडूनही जाते, ती गेली म्हणून रडायचं नाही. राहते ती मऊ होते."

"आणि चाखायची कशी?"

"तुम्ही घेता तशी नाही. घटाघटा घ्यायला ती काय ताक आहे? ग्लास फिरवायचा. काचेवरून तेलासारखे ओघळ उतरतात ते बघायचे. भराभर उतरले तर कोवळी. मग नाक न्यायचं, पण तोंड जरा उघडं ठेवून, नाहीतर नुसतं झोंबतं. पहिल्यांदा काही कळत नाही. थांबायचं. मग काकवी येते, जळकी साखर येते, पिकलेलं केळं, मागून लाकूड. दोन थेंब पाणी टाकलं की आणखी उघडते. जिभेवर सगळ्यात शेवटी. जीभ गोड-कडू सांगते, बाकी सगळं नाक."

बोलता बोलता थांबले. चेहरा उतरला. मला वाटलं, गुन्हा आठवला.

इतक्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे हॉटप्लेटवर ठेवलेलं दूध उतू जाऊन जळलं. असा करपट वास सुटला की सगळे ओरडले. "अरे बंद कर रे!" कुणी रुमाल लावला, कुणी खिडकी उघडली. चाखणारे साहेब हॉटप्लेटपासून हातभर अंतरावर पाठ करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. आरडाओरडा झाला तेव्हा दचकून बघितलं, त्याआधी नाही.

तिथे माझं डोकं चाललं. कारखान्यातून तसलीच एक रिकामी बाटली मागवली. तिच्यात कोरा चहा भरला, रंग अगदी रमचा. वर रॉकेल टाकलं, चांगलं वास मारेल एवढं. म्हटलं, "साहेब, तोंडाला लावायची नाही. नुसतं नाकाने सांगा, माल कसा आहे."

त्यांनी बाटली हलवली, उजेडात धरली, नाकाशी नेली, डोळे मिटले. जरा थांबून म्हणाले, "जुनी आहे. लाकूड छान उतरलंय. मागून गोडवा येतो."

हवालदार तोंड दाबून बाहेर पळाला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "साहेब, हे रॉकेल आहे."

त्यांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "गोदामात शिडीवरून पडलो होतो, गेल्या वर्षी. डोक्याला मागून मार बसला. टाके सुटले, सूज उतरली. नाक आलं नाही परत."

"डॉक्टर?"

"म्हणाले, आलं तर आलं."

"मग वर्षभर माल पास कोण करतंय?"

त्यांनी एकदम हात जोडले. "फौजदारसाहेब, माझ्या घरी जाऊ नका. पाया पडतो. चोरी लिहा."

जावं लागलं. घरझडती हा तपासाचा भाग. महिला शिपाई घेतली, आणि पंच त्याच इमारतीतले दोन शेजारी. कायदाच तसा, पंच त्याच वस्तीतले प्रतिष्ठित लोक पाहिजेत.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. काष्टी नाही, साधी गोल साडी, कपाळभर कुंकू, हाताला पीठ. स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे तसल्याच बाटल्या ओळीने उभ्या. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाई रडली नाही, घाईघाईत बोलली, "चोरी नाय केल्यानी ओ तेंनी. बाटले माझ्यासाठी हाडल्यानी." म्हणजे बाटल्या तिच्यासाठी आणल्या.

"तुम्ही पिता?" शेजारी मध्येच बोलला.

"तुम्ही गप," मी म्हटलं. बाईंना म्हटलं, "बसा. सावकाश सांगा."

तिने सांगितलं ते असं. सकाळी उठल्यावर चूल पेटवायच्या आधी, आंघोळ आणि देवपूजा व्हायच्या आधी, ती एकेक बाटली उघडायची. फोडणीचा वास घरात फिरला की काही कळत नाही, म्हणून आधी. थेंबभर तळहातावर घ्यायची, चोळायची, हुंगायची. जीभ कधी लावली नाही. तिच्याजवळ कारखान्याचे शब्द नव्हते, स्वतःचे होते. एकीला पिकल्या फणसाचा वास, एकीला करवंटी पेटवल्याचा, एकीला नुसता गुळाच्या ढेपेचा म्हणजे अजून कच्ची. नवरा ते ऐकून जायचा आणि कारखान्यात आपल्या भाषेत सांगायचा. मग ती आंघोळ करून पूजेला बसायची.

"पहिल्यांदा मळमळलं," ती म्हणाली. "मग कळायला लागलं. त्याच पिंपातली बाटली महिन्यांनी परत आली की मी ओळखायचे. वाढलेली असायची."

हे सांगताना बाईचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या चेहऱ्याबद्दल मी जबाबात काही लिहिलं नाही. तिथे तशी जागा नसते.

"हे कागदावर आलं तर तुमच्या नवऱ्याची नोकरी जाईल," मी स्पष्ट सांगितलं. "आणि तुमचं नाव खराब होईल."

"नाही आलं तर?"

"तर ते चोर ठरतील."

"लिहा," ती म्हणाली. "माझं नाव लिहा."

चोरीचा हेतूच राहिला नाही, माल विकला नाही, घराबाहेर गेला नाही. खरी डुप्लिकेट रम साकीनाक्याच्या एका गाळ्यात सापडली, स्पिरिटमध्ये जळकी साखर आणि अर्क घालून बनवत होते. त्यांचा या माणसाशी काही संबंध नव्हता. फिर्याद गैरसमजातून झाली म्हणून मी सी समरी, म्हणजे गुन्हा खराही नाही खोटाही नाही असा शेरा, मागितली आणि कोर्टाने दिली. कागद बंद.

कागद बंद होण्याआधी मॅनेजर ठाण्यात आला. धंद्याचा माणूस, मनात ठेवत नसे. साहेब समोर, बाई दाराशी उभी.

"मला एक सांगा यार," तो म्हणाला, "वर्षभर माल पास कुणी केला? बाईने. एक तक्रार नाही. मग वाट कशाला लावायची? बाई येऊ दे कारखान्यात. पगार तुमच्याच नावावर काढतो."

चाखणारे साहेब ताडकन उभे राहिले. "माझी बायको चार पुरुषांत बसून दारू हुंगणार? त्यापेक्षा मला आत टाका."

"बरोबर आहे साहेब," आमचा हवालदार म्हणाला. मॅनेजरने खांदे उडवले. मी फायलीत बघत होतो. वर बघितलं तेव्हा बाईचं तोंड बोलायला म्हणून उघडलेलं होतं. तिने ते मिटलं, पदर सारखा केला आणि नवऱ्याची पिशवी उचलली. तिला काय वाटतं, हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही.

कंपनीने साहेबांकडून राजीनामा लिहून घेतला. पंच शेजारचेच, त्यामुळे इमारतीत गोष्ट आमच्या जीपच्या आधी पोचली होती. दारू हुंगणारी म्हणून बायका तिला हळदीकुंकवाला बोलवेनात. नवरा-बायको खोली विकून गावाला गेले, एवढं कानावर आलं. मला शाबासकी मिळाली, कारण डुप्लिकेटवाले सापडले होते.

या केसने मला एवढं शिकवलं की खरं शोधून काढलं म्हणजे भलं झालं असं नाही. आरोपी सुटला तरी माणूस सुटतोच असं नाही. नव्या पोरांना मी हे सांगायचो. त्यांना वाटायचं, म्हातारा बोलतोय.

मागच्या उन्हाळ्यात मुलुंडच्या बाजारात आमसुलं घेत होतो. घरात आता मीच घेतो. शेजारी एक म्हातारी बाई उभी होती. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही ते फौजदार ना?"

मी ओळखलं. म्हटलं, "साहेब कसे आहेत?"

"गेले. गावालाच. मी आता मुलीकडे असते इथे."

"आमचीही गेली," मी म्हटलं.

ती हळहळली. मला वाटलं, आता मला चार शब्द सुनावणार. मी ऐकून घ्यायला तयार होतो. तिने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"एक विचारू? त्यात एक पिंप होतं. कसं दिसायचं मला माहीत नाही, मी पिंप कधी बघितलंच नाही. पण त्याची बाटली वेगळी यायची. फणस असायचा आणि मागून सुपारीच्या ओल्या सालीसारखं काहीतरी. ह्यांना मी सांगितलं होतं, हे काढू नका, याला अजून दोन पावसाळे द्या. त्याचं पुढे काय झालं, तुम्हाला काही कळलं?"

मी म्हटलं, "नाही हो बाई."

"लवकर काढलं असणार," ती म्हणाली. "घाई असते त्यांना." आणि आमसुलांची पुडी पिशवीत टाकून गेली.

मी घरी आलो. नोकरीत हजार माणसांनी मला प्रश्न विचारले, सुटेल का, किती वर्षं लागतील. असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. ही असती तर चहा ठेवून समोर बसली असती, सगळं ऐकून घेतलं असतं आणि नेमकं विचारलं असतं, "अहो, मग त्या दिवशी ठाण्यात बाईंना बोलायचं होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मी फायलीत बघत होतो.