शुक्रवारचं अंडं

आमची शाळा दोन शिक्षकी. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याच्या अलीकडे एक फाटा आत जातो, त्या फाट्यावरच्या गावात. मी नवीन पनवेलात राहते आणि स्कूटीवर जाते-येते. मुख्याध्यापक सर माळकरी. मी देशावरच्या अशा घरातली, जिथे केकसुद्धा "बिनअंड्याचा आहे ना?" असं दोनदा विचारल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. मुलं मात्र बहुतेक आगरी घरांतली, मासळीवर वाढलेली. बाकीची नव्या इमारतींवर राखण करणाऱ्या आणि गवंडीकाम करणाऱ्या लोकांची.

तर अशा शाळेत अंडं आलं.

आदेश साधा होता. पोषण आहारात आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला उकडलेलं अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळं. आमच्याकडे वार ठरला शुक्रवार. सरांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यांची अंड्याला हरकत नव्हती. "पोरांच्या अंगी लागेल," एवढंच म्हणाले. अडचण वेगळीच होती. मुलांना वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने जेवण चाखायचं, हा नियम. खिचडी आम्ही रोज आळीपाळीने चाखत होतो.

"बाई, अंडं तुम्ही बघा," सर म्हणाले.

"सर, मी पण नाही खात."

"आयुष्यात कधीच?"

"कधीच."

आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे खिचडी करणाऱ्या मावशी डाळ धूत होत्या. त्या मासे, मटण सगळं खाणाऱ्या, त्यामुळे प्रश्न सुटल्यासारखा वाटला. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "माझे शुक्रवार हायत. संतोषीमातेचे."

म्हणजे जणू अख्ख्या गावात अंडं न चाखणारी तीन माणसं होती आणि ती तिन्ही शाळेत नोकरीला होती.

सरांनी वार बदलायचा विचार केला, पण सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. बुधवार मोकळा होता, तेव्हा मावशींनी सांगितलं की पोरं बुधवारी घरी मासळीच खाऊन येतात, त्यांना अंड्याचं काय कौतुक. शेवटी पालकांपैकी कुणीतरी येऊन चाखावं असं ठरलं. नियमात तेही बसत होतं.

पहिल्या शुक्रवारी एक आजी आल्या. त्यांची नात आमच्याकडे दुसरीत. आजींचं तरुणपण मिठागरात गेलं. पुढे जमिनीला भाव आला, तीन मजली घर झालं, दारात गाडी आली, आणि आता सुना कामाला हात लावू देत नाहीत ही त्यांची तक्रार. मोठा नातू शहरातल्या इंग्रजी शाळेत होता. त्या शाळेच्या गेटातून आजींना कधी आत जायला मिळालं नव्हतं. आमच्या शाळेने मात्र निरोप पाठवून बोलावलं, म्हणून त्या लग्नाला निघाल्यासारख्या नऊवारी नेसून, अबोलीचा गजरा माळून आल्या. आम्ही खुर्ची दिली. ताटलीत अंडं आणि चिमूटभर मीठ ठेवलं. वर्गातली सगळी मुलं खिडकीच्या गजांना लटकली.

आजींनी अंडं सावकाश सोललं, खाल्लं आणि पाणी प्यायलं.

"कसं आहे?" सरांनी विचारलं.

"एकान काय समजनार, गुरुजी?"

सरांनी दुसरं अंडं आणून दिलं. तेही खाऊन आजी म्हणाल्या, "जास्त उकडलाय. रबर झालाय." आणि पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेल्या. आतून मावशींचा आणि त्यांचा बराच वेळ आवाज येत राहिला. पुढच्या शुक्रवारपासून अंडी खरंच मऊ यायला लागली, आणि आजीही न बोलावता यायला लागल्या.

मुलांचं अंडं की केळं, हे ठरवणं आम्हाला सोपं वाटलं होतं. घरी विचारून या, असं सांगितलं. पहिलीतला एकजण म्हणाला, "आई बोलली अंडं, बाबा बोलले केळं." म्हणून त्याला दोन्ही हवं होतं. एका मुलीने पांढरं खाईन, पिवळं नाही, असं कळवलं. एकाने आपण शाकाहारी असल्याचं जाहीर केलं. त्याचा बाप गावात कोंबड्या विकायचा. खोदून विचारल्यावर कळलं की घरी रोज अंडीच असतात, तो त्यांना कंटाळला होता.

खरोखर केळ्यावर असलेली मुलं थोडीच. सरांनी त्यांच्यासाठी वेगळी रांग केली. हेतू चांगला होता. कुणाच्या ताटात चुकून अंडं पडू नये, कुणाच्या आईबापाचं मन दुखू नये. व्हरांड्याच्या या टोकाला अंडी, त्या टोकाला केळी.

त्या शुक्रवारी दुसरीतल्या दोन मुली जेवल्याच नाहीत. एक आजींची नात. दुसरी एका इमारतीच्या वॉचमनची मुलगी, राजस्थानकडची, घरी अंडं चालत नसलेली. वर्गात या दोघी एका पट्टीवर बसायच्या आणि एकमेकींच्या वेण्या घालायच्या. आता एक या टोकाला अंडं मुठीत धरून बसली, दुसरी त्या टोकाला केळं मांडीवर ठेवून. दोघी रडत नव्हत्या. नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या, खिचडी गार होत होती.

मी दोघींना समजावलं. उपयोग झाला नाही. सरांनी दटावून पाहिलं. तेवढ्यात आजी आतून आल्या.

"माझी पोर जेवत का नाय?"

सरांनी रांगांचं कारण सांगितलं. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, माझा जावई माळकरी हाय. तुमच्यासारखाच. सणाला येतो तवा माझ्या शेजारी जेवतो. त्याच्या ताटान भाजी, माझ्या ताटान पापलेट. मधी भिंत नाय बांधली आमी."

"आजी, तुमच्या घरचं वेगळं. इथे उद्या कुणी तक्रार केली तर?"

"मंग ज्याला करायची हाय त्याला इचारा ना."

सर सरळ माणूस. त्यांनी खरंच संध्याकाळी वॉचमनला बोलावलं. तो गणवेशातच आला, आपल्या हातून काही चुकलं असावं अशा चेहऱ्याने. सरांनी फार आडवळणं घेत विचारलं, की तुमच्या मुलीच्या शेजारी कुणी अंडं खाल्लं तर तुम्हाला काय वाटेल. त्याला प्रश्नच कळेना.

"सरजी, बच्ची अंडा खाणार नाही, बस. बाजूचा काय खातो, तो त्याचा खाना आहे." मग म्हणाला, "ती आज भूखी घरी आली. आई विचारत होती, शाळेत काय झालं."

पुढच्या शुक्रवारी रांग एकच होती, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्या दोघी मधोमध. सरांनी केळ्यांचं आणि अंड्यांचं भांडं मात्र स्वतः उभं राहून वेगळं ठेवलं.

श्रावणात उलटाच प्रकार झाला. सगळं गाव शाकाहारी झालं, अंडी कुणालाच नकोत आणि केळी पुरेनात. आली ती इतकी हिरवी, की मुलं ती एकमेकांवर आपटून बघत होती. कोंबड्यावाल्याचा मुलगा तेव्हा सगळ्यांत दुःखी, त्याचं हक्काचं केळं गेलं होतं. "बाई, श्रावण कधी संपणार?" असं तो रोज विचारायचा.

मी अंडं चाखलं ते लग्नसराईत. त्या शुक्रवारी गावात दोन-तीन ठिकाणी हळद होती. आजी तिकडे, बाकीचे पालकही तिकडे. मुलं मात्र शाळेत, भुकेली. सर माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे बघत नसल्यासारखं दाखवत होते. मी मनात आईची माफी मागितली आणि ताटली ओढली. वर्ग खिडकीत जमला. वॉचमनच्या मुलीने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला घरी ओरडणार?" मी एक घास खाल्ला. गिळताना डोळे घट्ट मिटले होते असं मुलं अजून सांगतात. चव विशेष काहीच नव्हती. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच, म्हणून मी थोडी नाराजच झाले.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

मग एक दिवस अंड्यांसाठी सरकारकडून पैसे येणं थांबलं. लोकसहभागातून देता आलं तर द्या, असं कळलं. सरांनी पालकांची सभा घेतली. आजी पुढच्याच रांगेत.

"म्हंजे आता पोरांना अंडा नाय?"

"सरकारकडून नाही."

"मंग कोनाकडून?"

यावर शाळा समितीचे अध्यक्ष उठले. जमीन विकून बिल्डर झालेले, गळ्यात जाड साखळी, बोलायला मऊ. पहिला शुक्रवार माझा, म्हणाले. शुक्रवार आला तेव्हा अंड्यांच्या आधी बॅनर आला. फाट्यावर, हायवेवरून दिसेल असा. त्यावर अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो आणि शेजारी एक उकडलेलं अंडं. छापणाऱ्याने अंदाज चुकवला होता. अंडं अध्यक्षांच्या डोक्यापेक्षा मोठं झालं होतं. आठवडाभर गावात त्यांना लोक अंड्याच्याच नावाने हाक मारत होते, पण त्यांनी बॅनर काढला नाही.

त्यानंतर घराघरांत चढाओढ लागली. कुणाच्या वाढदिवसाची अंडी, कुणाच्या नव्या गाडीची. एका घराने हौसेने गावठी अंडी दिली, ती आकाराने लहान निघाली, तेव्हा "आमच्याच पोरांना छोटी का?" म्हणून दोन आया भांडायला आल्या. एका विकासकाच्या ऑफिसातून क्रीम बिस्किटांचे खोके आले. सरांनी ते हात जोडून परत पाठवले. आहार म्हणजे आहार, म्हणाले. मुलं दोन दिवस सरांशी नीट बोलत नव्हती. केळी देणारं घर मात्र पटकन सापडत नव्हतं. बॅनरवर केळं कुणाला नको होतं. ती शेवटी वॉचमन आणि त्याचे सोबती आळीपाळीने आणू लागले, आणि ती कधी हिरवी निघाली नाहीत.

सगळे शुक्रवार भरतात असं नाही. एखादा रिकामा जातो, त्या दिवशी नुसती खिचडी. पण बहुतेक भरतात. पहिलीतल्या मुलांना अंडं सोलता येत नाही, टरफलाबरोबर पांढरंही निघून येतं. ते वाया जाऊ नये म्हणून आता सर स्वतः खाली बसून सोलून देतात आणि नंतर नळावर साबणाने फार वेळ हात धुतात. आजींची नात पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. आजी अजून येतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, आता इथे तुमचं कुणी नाही, उन्हातून कशाला येता.

"बाय, एवरी पोरं हायत ना," म्हणाल्या, आणि दुसरं अंडं मागितलं.