तिसऱ्या टेबलाचा न्याय

आमचे दाजी बसडेपोत ड्यूट्या लावतात. कुणी कुठली गाडी न्यायची, कुणाला पहाट, कुणाला सुट्टी, सगळं त्यांच्या हातात. असलं काम करणाऱ्याला सहसा पाठीमागे शिव्या पडतात. दाजींना मात्र सगळे ‘तराजू’ म्हणतात, तेही तोंडावर. माझ्या एका ड्रायव्हर मित्राला लग्नाला जायचं होतं, म्हणून मी मेहुणेपणाच्या जोरावर शब्द टाकला. त्याला नेमकी त्याच दिवशी पहाटेची गाडी मिळाली. “तू बोललास म्हणून नाही, त्याची पाळीच होती,” दाजी म्हणाले. मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

ताईला विचारलं तर ती सांगते, “अरे, हा माणूस चहासुद्धा सगळ्या कपांतली पातळी जुळवून ओततो.”

त्यांची मुलगी, आमची ठमी, नुकतीच एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागलीय. तिला पत्त्यांचं वेड. हे पत्ते रमीचे नव्हेत. यांत सैनिक, किल्ले, जादूगार, दलदली असले शेकडो पत्ते असतात आणि त्यांतून ज्याने त्याने आपली गड्डी आपल्या डोक्याने रचायची. कुणी चढाईची रचतो, कुणी बचावाची. स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर या लोकांचं एक मंडळ भरतं. मंडळाला सांघिक स्पर्धेसाठी पंच हवा होता. ठमीने वडलांना नेलं आणि मंडळाला पंचाबरोबर नियम करणाराही मिळाला. आंधळा मागतो एक डोळा, त्यातली गत.

दाजींचा नियम सुटसुटीत होता. एका संघात तिघे. पहिल्याची गाठ समोरच्या पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, तिसऱ्याची तिसऱ्याशी. दोन टेबलं जिंकणारा संघ जिंकला. कुणी कुठे बसायचं ते संघाने ठरवायचं. खेळता खेळता शेजारच्या भिडूला सल्ला दिला तरी चालेल, कारण संघ म्हटला की एकमेकांचं डोकं वापरायचंच.

झालं काय, की रोजच्या सराव सामन्यांत प्रत्येक संघ आपला वाघ तिसऱ्या टेबलावर बसवायला लागला. शेवटचं टेबल मानाचं, अशी एक समजूत तिथे आपोआप रुजली. ठमीच्या संघात एक नर्स आणि एक वायरमन. दोघंही तरबेज. ते पहिल्या आणि दुसऱ्या टेबलावर बसायचे आणि तिसऱ्यावर ठमी. रोज नवा वाघ आणि रोज ठमी हरणार. बाकीची दोन टेबलं मात्र जिंकायची, म्हणजे संघ जिंकायचा.

दाजींना ते बघवेना. “अरे, बळीचा बकरा केलाय रे माझ्या पोरीला,” ते मला म्हणाले. “नियम माझा, आणि मान तिची.”

मी म्हटलं, “तिला विचारा ना.”

“विचारायचं काय त्यात? दिसतंय की!”

मोठ्या स्पर्धेच्या आधी त्यांनी नवा नियम जाहीर केला. कुणी कुठे बसायचं ते दर सामन्याला चिठ्ठी टाकून ठरणार. वाघ कुठेही, बकरा कुठेही. सगळ्यांनी माना डोलावल्या. याहून निःपक्ष काय असणार?

घरी आल्यावर ठमीने आपली गड्डी कपाटात ठेवून दिली.

“मी खेळत नाहीये,” ती म्हणाली. “माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या, असं मीच दोघांना सांगून आलेय.”

दाजी चक्रावले. “अगं, तुझ्यासाठीच तर केलं!”

तेव्हा तिने गड्डी परत काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. मीही वाकून बघितलं. चढाईचे पत्ते औषधापुरतेच. बाकी सगळ्या भिंती, दलदल, धुकं, बंद दरवाजे.

“ही जिंकायची गड्डी नाहीच, बाबा. समोरच्या वाघाला माझ्याशी झगडताना मान वर करायला वेळ मिळत नाही. त्यामुळे त्याच्या भिडूंना त्याचा सल्ला मिळत नाही आणि आमचे दोघं जिंकतात. किती महिने लागले मला हे जमवायला! आता चिठ्ठीत माझ्यासमोर एखादा कच्चा खेळाडू आला, तर त्याला अडकवून काय उपयोग? आणि वाघ मोकळा राहून इतरांना शिकवत बसणार.”

“मग आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मला हरताना बघत होतात. खेळताना नाही.”

ताईने भांडी आवरायचं थांबवलं. दाजी एकेक पत्ता उचलून वाचायला लागले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

नियम मागे घेणं शक्य नव्हतं, कारण जाहीर झालेला नियम स्पर्धा संपेपर्यंत बदलायचा नाही, हाही त्यांचाच नियम. “पंचानेच मधे दांडी हलवली तर मग तराजू कशाला?” ते म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी ते चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभे होते. ठमी भिंतीला टेकून, खेळणाऱ्यांना पाणी देत होती. तिच्या जागी एक चढाईवाला बसला होता. नर्सबाई आपला डाव हरल्या, तेव्हा त्यांनी सवयीने तिसऱ्या टेबलाकडे बघितलं. मग भिंतीकडे. संघ उपांत्य फेरीतच बाद झाला. कुणी दाजींना बोल लावला नाही. उलट दोघातिघांनी येऊन सांगितलं की व्यवस्था अगदी चोख होती. दाजींचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी एका ड्रायव्हरला बोलावलं. त्याचं मागे ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून दाजी त्याला दया म्हणून जवळच्या फेऱ्याच देत होते. “तुला कुठली गाडी आवडेल?” त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

“लांब पल्ल्याची, साहेब,” तो लगेच म्हणाला. “जवळच्या फेरीत दर मिनिटाला घंटी. जीव जातो.”

हे मला दाजींनीच सांगितलं. हसत नव्हते.

त्या रविवारी मी ताईकडे गेलो तर बापलेक समोरासमोर बसलेले. दाजींनी नर्सबाईंकडून चढाईची जबरदस्त गड्डी उसनी आणली होती. ठमीसमोर तिची भिंतींची गड्डी. दाजी सैनिक पाठवायचे, ठमी दार लावायची. दाजी दार फोडायचे, पुढे दलदल. ताईने चहा ठेवला, तो निवला. कपांतली पातळी जुळलीय की नाही हे बघायलाही त्यांना सवड नव्हती. मी दोनदा हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही.

शेवटी दाजीच जिंकले. त्यांनी खुर्चीत मागे रेलून घाम पुसला.

“जिंकलो,” ते म्हणाले, “पण बाकीच्या दोन टेबलांवर काय झालं असतं, मला पत्ताच नाही.”

ठमी पत्ते गोळा करत होती. “हरला असतात,” ती म्हणाली.

दाजींनी निवलेला चहा एका घोटात संपवला. मग कप बाजूला सरकवून त्यांनी तिला विचारलं, “पुढच्या स्पर्धेत तुला कुठे बसायचंय?”

“तिसऱ्या टेबलावर,” ठमी म्हणाली, आणि पत्ते पिसायला घेतले.