घोडीचं पाणी

"ए लाइट! सरळ उभी राह्य!"

माहं नाव लाइट नव्हतं. शाळेच्या हजेरीत माहं चांगलं नाव होतं, मास्तर रोज घेत. पण आर्वीतल्या त्या वरातीत नवरदेवाच्या मामानं मले असाच आवाज देल्ला. मी चौथीत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गॅसबत्ती. बत्ती सूं सूं करे, रॉकेलचा वास नाकात बसे, कान भाजे. मान जराशी कलली अन् उजेड नवरदेवाच्या तोंडावरून सरकला. एवढाच माहा गुन्हा. मामानं पानाची पिचकारी मारली, ते माह्या पायावर पडली. त्यानं खाली पाह्यलंई नाई. नाचाले निघून गेला.

शेजारच्या बत्तीखालून मायनं डोळे वटारले. म्हणजे, हलू नको.

आम्ही गोंड. माय-बाप आष्टीकडच्या जंगलपट्टीतून मजुरीसाठी आर्वीले आलेले. वस्तीतल्या बाया आपसात गोंडी बोलत, दिवसा कापूस वेचत अन् लग्नाच्या मोसमात वरातीत डोक्यावर उजेड वाहत. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, त्या अंधारात आम्ही चालत होतो. उजेड नवरदेवाच्या फेट्यावर, नाचणाऱ्याच्या अंगावर. आमचं तोंड कोणाले दिसे नाई, अन् कोणाले पाहाचंई नव्हतं. वरात मांडवात पोचली का आमचं काम खतम. घरी जा, भाकर टाका, खा.

त्याच वरातीत मी एक माणूस पाह्यला. पांढरा सदरा, खिशाले पेन. लग्नाचा सारा कारभार त्याच्याकडे होता. त्यानं हात वर केला का बँड थांबे, खाली केला का सुरू होये. घोडी थकली त त्यानं हात वर केला, घोडीले बकेटीनं पाणी पाजलं, मंग वरात पुढं निघाली. मी टक लावून पाहत राह्यली. बाप्पा! एका हातानं एवढी माणसं थांबतात! पण आमच्यासाठी तो हात वर नाई झाला. त्या वरातीत नाई, नंतरच्या कोणत्याच वरातीत नाई. तवाच मनात घेतलं, तो हात मले पाह्यजे.

लोकं मले विचारतात, गोंडाची पोर, डी.एड. करती, नर्स होती, हे इव्हेंट मॅनेजमेंट काऊन शिकली? याच्यासाठी शिकली.

बारावी झाली तवा वर्ध्याच्या एका कॉलेजात हा कोर्स नवीनच निघाला होता. तीन वर्षाची डिग्री. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राह्यली, शिकली. वर्गात साऱ्याइले लग्नं माहीत होते, पण पाहुणे म्हणून. ढीगभर वराती चालून एकाही लग्नात जेवली नाई, अशी मी एकटीच. ते मी कोणाले सांगतलं नाई. लाज वाटे. आज त्या लाजेचा राग येते.

दुसऱ्या वर्षाले सरनं वरातीचं प्लॅनिंग शिकवलं. फळ्यावर तीन रकाने पाडले. पाहुणे. स्टाफ. सामान. सांगा म्हणे, कशात काय येते. पोरं सांगत गेले, सर लिहत गेला. बँडवाले स्टाफमध्ये, फोटोवाला स्टाफमध्ये. घोडी सामानात, जनरेटर सामानात. अन् जनरेटरच्या खाली सरनं लिहलं, लाइट.

लाइट म्हणजे माही माय. फळ्यावर, सामानात, जनरेटरच्या खाली.

एका पोरीनं विचारलं, "सर, घोडीला मध्ये पाणी द्यावं लागेल ना?"

"व्हेरी गुड," सर म्हणाला. "असा विचार करायचा." अन् घोडीसमोर लिहलं, पाणी.

मले राहावलं नाई. मी उभी राह्यली. म्हटलं, "सर, लाइटवाल्या बायांच्या पाण्याचं?"

सर हसला. "लाइटला पाणी नाही लागत. डिझेल लागतं."

वर्ग खो खो हसला. मी खाली बसली. हातात पेन होता, पण अक्षर निघे नाई. सर मनानं वाईट नव्हता. माही फी थांबली तवा त्यानंच ऑफिसात सांगून मुदत वाढवून देल्ली होती. म्हणूनच ते जास्त झोंबलं. वाईट माणसाले शिवी देता येते, याले काय देऊ?

तिसऱ्या वर्षाले प्रॅक्टिकल होतं. खरंखुरं लग्न आपण चालवाचं. त्याच्यात पास त डिग्री, नाई त तीन वर्षं पाण्यात. सरच्या ओळखीनं आर्वीच्या एका कापूसवाल्या शेठच्या पोराचं लग्न भेटलं. वर्गात कामं वाटून राह्यले होते. आर्वीच्या कापड दुकानदाराचा पोरगा मागून बोलला, "सर, हिची आई लाइटवालीच आहे."

सारे माह्याकडे पाहाले लागले.

"अरे वा!" सर म्हणाला. "मग वरात तुझ्याकडे. लाइट घरचेच झाले."

मी वस्तीत गेली, मायले सांगतलं. वाटलं, हे रागावंन. नाई म्हणंन. ते उलटी खूश झाली. पोरीची परीक्षा, मी येतो, साऱ्या बाया घेऊन येतो. मंग थोड्या वेळानं, तांदूळ निवडता निवडता, खाली मान घालून म्हणाली, "अन् आइक. तिथी मले वळख दाखवू नको. लोकं काय म्हणतीन तुले? तू मॅडम, मी लाइटवाली."

"माय, असं काऊन बोलतं व?"

"तुयी परीक्षा आहे. मी हलणार नाई. पाह्यजो तू."

लग्न उन्हाळ्यात होतं. दिवेलागणीले वरात निघाली. मले कॉलेजचा काळा कोट, हातात वॉकी-टॉकी. आता गॅसबत्त्या नव्हत्या. ट्यूबलाइटचे झुंबर आलते, बत्तीहून जड. एकीच्या झुंबराची वायर दुसरीले, दुसरीची तिसरीले, शेवटची मागच्या ठेल्यावरच्या जनरेटरले. साऱ्या बाया एका वायरले बांधलेल्या. एक हलली त रांग हलते. बसता येत नाई, बाजूले होता येत नाई. मुताचं असंन त वरात संपल्यावर. माय रांगेच्या मधात होती. मी तिच्याजवळून गेली, ते समोर पाहत राह्यली. तिनं कबूल केलं होतं, पार पाडून राह्यली होती. माह्या तोंडावर मॅडमचं हासू.

चौकात वरात अडकली. नवरदेवाचे दोस्त नाचाले लागले त हटेचना. गाणं संपे, दुसरं लावाले लावत. डांबर तापलेलं, बाया उभ्या. नाचणाऱ्याइले सरबताचे गिलास फिरून राह्यले होते. तेवढ्यात वॉकी-टॉकीवर सर बोलला, "घोडीचं पाणी दे. प्लॅनप्रमाणे."

प्लॅनप्रमाणे. मी बकेट उचलली. गार पाणी काठोकाठ, हिंदकळून राह्यलं होतं. अन् घोडी उभी होती रांगेच्या पल्याड. जाचा रस्ता मायच्या समोरूनच.

मी आली तशी तिची नजर बकेटीवर गेली. ओठ सुकून पांढरे पडले होते. घाम डोळ्यात जाये, पण पुसाले हात मोकळे नव्हते. मी थबकली. तिनं माह्याकडे पाह्यलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. अन् हळूच म्हणाली,

"मॅडम, पाणी भेटंन का?"

माह्या मायनं मले मॅडम म्हटलं. तहानेनं जीव चालला होता, तरी तिनं माही परीक्षा सोडली नाई.

तिचं झुंबर लटकन हललं. नवरदेवाच्या तोंडावर सावली पडली. शेठचा भाऊ नाचता नाचता ओरडला, "ए लाइट! सरळ उभी राह्य!"

तेच. अक्षराअक्षरानं तेच. माहा कोट, माही तीन वर्षं, माही इंग्रजी, सारं त्या एका वाक्यात कुठल्या कुठं गेलं. मी पुन्हा चौथीतली पोर झाली, पायावर पिचकारी घेतलेली.

वॉकी-टॉकीवर सर म्हणाला, "मधला लाइट हलतोय. बदल तो."

मी बकेट खाली ठेवली. हात वर केला.

बँड थांबला. खरंच थांबला! वरात माह्याकडे होती, बँडवाल्याइले माहाच हात पाहाचं सांगतलं होतं. मी ठेल्याजवळ गेली अन् जनरेटरवाल्याले म्हटलं, बंद कर.

"मॅडम, शेठ मारतीन."

"बंद कर म्हणतो ना!"

त्यानं बंद केलं. सारा चौक अंधारला. घोडी फुरफुरली. कोण कोणाचं, काई दिसे नाई. पहिल्यांदा साऱ्याइची तोंडं आमच्यासारखी झाली. मी चाचपडत मायजवळ गेली, तिच्या डोक्यावरचं झुंबर उतरवलं. म्हटलं, बायाहो, ठेवा खाली. बसा. मंग सरबतवाल्याच्या हातातून गिलास घेतला अन् तिच्या तोंडाले लावला. मोठ्यानं म्हटलं, साऱ्याइले आइकू येईन असं, "पी, माय."

ते प्याली नाई.

तिनं गिलास ढकलला. सरबत माह्या कोटावर सांडलं. "काय केलं व पोरी!" म्हणाली. "माती केली ना तू! मी उभी होती ना? उभी होती ना मी?" अन् रडाले लागली. रागानं रडत होती.

शेठचे लोकं धावून आले. शिव्या झाल्या. एकानं म्हटलं, गोंडीणले कोट देल्ला, दुसरं काय होईन. बायाइले कामावर लावणारा लाइटचा ठेकेदार आला, त्यानं त्याइले दटावलं. जनरेटर सुरू झालं. बाया उठल्या, एकेकीनं झुंबर उचललं. मायनंई उचललं. माह्याकडे न पाहता डोक्यावर चुंबळ नीट केली अन् सरळ उभी राह्यली. वरात पुढं गेली. सरनं रस्त्यावरच माहा कोट उतरवून घेतला, वॉकी-टॉकी घेतली. म्हणाला, "तू हुशार होतीस गं." मी चौकात उभी. बाजूले घोडीची बकेट, तशीच भरलेली.

नापास झाली. ठेकेदारानं त्या मोसमापासून मायले कामावर बोलावलं नाई. वस्तीतल्या बायाइचंई काम गेलं. त्या मायशी बोलेनात अन् माय माह्याशी. माह्यापायी तिचं खाणं तुटलं, हे मले कळत होतं. तरी मनातून वाटे, चूक नाई झाली. एका चुलीसमोर बसून आम्ही दोघी दोन दिशेले पाहून जेवत होतो. फार वाईट दिवस होते. मरून जावं वाटे.

पुढच्या वर्षी सरनं मले पुन्हा, तोंडी परीक्षेले बोलावलं. म्हणाला, झालं गेलं सोड, दोन-चार प्रश्न विचारतो, पास करतो. निघाली तवा माय दारात आली. खूप दिवसानं बोलली. "यंदा त गप राह्यजो. हात जोडतो तुले."

एसटीत वर्ध्यापर्यंत तेच डोक्यात. गप राह्यजो. मले गप राहाचं होतं. खरंच राहाचं होतं.

सरच्या शेजारी बाहेरगावचा परीक्षक बसला होता. सरनंच विचारलं, सोपा म्हणून, "वरातीच्या सामानात काय काय येतं?"

"घोडी. जनरेटर. झुंबर."

"आणि लाइट?"

मायचे जोडलेले हात दिसले. अन् त्या हातामागचे सुकलेले ओठ दिसले.

"लाइट सामानात नाई सर. त्या बाया आहेत. अन् बाईले डिझेल नाई लागत, पाणी लागते."

सरनं डोळे मिटले. परीक्षक म्हणाला, "हे उत्तर पुस्तकात नाही. पुन्हा विचार कर. नाहीतर पुढच्या वर्षी यावं लागेल."

"येतो," मी म्हटलं. "त्याच्या पुढच्या वर्षीई येतो. तुम्ही दरसाल हेच विचारा, मी दरसाल हेच सांगीन."