उंच जीप आणि बाबांचे गुडघे

आमची जीप उंच करायची कल्पना माझी होती. या एका बाबतीत आमच्या घरात आजवर कधीही दुमत झालेलं नाही.

जीप बाबांची. लष्कराने मोडीत काढलेली, लिलावात घेतलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेली. अंबरनाथला बुवापाड्याजवळ आमचं घर होतं आणि घराला लागून जीपसाठी पत्र्याची शेड. (मला अभ्यासाला वेगळी खोली नव्हती. जीपला होती.) बाबा मूळचे बदलापूरच्या पुढचे शेतकरी. कारखाने आले तशी गावातली माणसं नोकरीला लागली, बाबाही लागले, यथावकाश निवृत्त झाले, पण जमीन सोडली नाही. दर रविवारी जीप काढायची, शेतावर जायचं, बांधावर उभं राहून भाताकडे बघायचं आणि परत यायचं. देवाला ते फक्त गणपतीत हात जोडत.

मग गुडघे गेले. आणि त्याच सुमारास, म्हणजे एकोणीसशे नव्वदनंतर, बदलापूरच्या जमिनीला भाव आला. भाव आला की बांध सरकायला लागतात. आमचा बांध हिराकाकांच्या शेताला लागून होता. हिराकाका हे बाबांचे चुलत भाऊ. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. आता एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. बोलणं तर कित्येक वर्षं बंद. शेवटी हिराकाकांनी सरकारी मोजणी मागवली आणि आमच्याकडे नोटीस आली.

"मी जानार," बाबा म्हणाले.

"बाबा, मी जातो ना. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुला बांध ठावा हाय?"

शेतावर मी लहानपणी फक्त करवंदं खायला जात असे.

"मोजनीवाला इचारंल, हद्दीचा दगड कुठं व्हता? तू काय दाखवशील? करवंदाची जाळी?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी नाय गेलो तर हिराजी बोट दाखवंल तिथं माज्या बापाची जमीन संपंल."

त्या रात्री कुणीच धड जेवलं नाही.

अडचण ओहोळाची होती. शेताच्या अलीकडे एक ओहोळ लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पण आदल्या पावसाने त्यातली वाट वाहून गेली होती आणि कलिंगडाएवढे धोंडे वर आले होते. मी रंगीत तालीम म्हणून जीप घालून पाहिली. मधोमध गेल्यावर पोट धोंड्यावर टेकलं आणि चारही चाकं हवेत गरागरा फिरायला लागली! दोर लावून बाहेर काढावी लागली. चालत जाणं बाबांना शक्य नव्हतं. गावात बैलगाडी होती, पण ती हिराकाकांची. खुर्चीत बसवून चौघांनी न्यावं म्हटलं, तर बाबा म्हणाले, "चौघं उचलतील तवा मला कळनार नाय. आत्ता कळतंय. नको."

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि नापास करायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. साहजिकच मी मोजायला लागलो. ओहोळातले धोंडे मोजले. जीपच्या पोटाची उंची मोजली. वाटेतल्या विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या, गल्लीच्या तोंडाची कमान, सगळं मोजलं. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढलं. निष्कर्ष असा निघाला की जीप वीतभर उंच करायची आणि मोठे टायर घालायचे. धोंडे खालून निघून जातील!

हे काम उल्हासनगर कॅम्प एकमधल्या नारूभाईंकडे दिलं. नारूभाई सिंधी, तोंडात कायम सुपारी, आणि कुठल्याही कामाला 'नाही' म्हणायचं नाही हे त्यांचं ब्रीद.

"साईं, किती उंच पायजे?"

"वीतभर."

"वीत कोणाची? तुमची का माझी?" त्यांनी पंजा पसरून दाखवला. माझ्या दोन पंजांएवढा होता. "माझी पकडू. उगाच कंजूसी कशाला?"

त्यांनी जीपच्या चाकांवरच्या कमानपाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पाटे घातले, पाटे जिथे टांगलेले असतात ते दुवे लांब केले, आणि भंगारातून लष्करी ट्रकचे टायर आणून चढवले. टायर पत्र्याला घासायला लागले, म्हणून जीप आणखी थोडी उंच केली. मग ती डावीकडे कलली, म्हणून डावी बाजू वर घेतली. मग ती उजवीकडे कलली, म्हणून उजवी! मग पुन्हा डावी! मी स्टुलावर बसून चहा पीत होतो आणि समोर जीप हळूहळू आकाशाकडे चालली होती. संध्याकाळी ती एकदाची सरळ झाली तेव्हा मला स्टुलावरूनच तिचं खालचं सगळं दिसत होतं.

"नारूभाई, जरा जास्त नाही झाली?"

"अरे साईं, जास्ती झाली तर काय? कमी झाली तर कंप्लेंट. जास्तीची कंप्लेंट आजतक नाय आली."

मी जीप घेऊन आलो तेव्हा अख्खी गल्ली जमली. शेडमध्ये ती शिरेना, तेव्हा बाहेर उभी केली. कुणीतरी नारळ आणला. आईने पूजेचं ताट घेऊन बॉनेटला कुंकू लावायला हात वर केला, टाचा उंचावल्या, पण हात पोचेना. शेवटी तिने टायरला कुंकू लावलं. मग ती मागे सरकली, जीपकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "यात हे चढनार कसे?"

अख्ख्या गल्लीने आधी जीपकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी धोंडे मोजले होते, तारा मोजल्या होत्या, कमान मोजली होती. बाबांचे गुडघे तेवढे मोजले नव्हते! आणि मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

सकाळी उजाडल्याबरोबर आम्ही बाबांना चढवायला घेतलं. पाट ठेवला. पुरेना. चौरंग ठेवला. त्यावर पाट ठेवला. बाबांचा गुडघा ठरावीक उंचीपर्यंत वाकायचा, मग जाहीर नकार द्यायचा. शेजाऱ्यांपैकी दोघं खालून ढकलत होते, मी आत उभा राहून वरून ओढत होतो आणि आई सगळ्यांना "हळू!" म्हणत होती.

"मी काय सिलिंडर हाय?" बाबा ओरडले.

शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या गोदामाचा ओटा आठवला. ट्रकमधली पोती उतरवायला बांधलेला, चांगला छातीएवढा, मागच्या बाजूने सात-आठ बुटक्या पायऱ्या. जीप त्याला लावली. बाबा पायऱ्या चढून ओट्यावर आले आणि पांढरी टोपी नीट करून सरळ जीपमध्ये पाऊल टाकून बसले. वाणी म्हणाला, "काका, वजन करू का?" सगळे हसले. टाळ्याही वाजल्या.

जीप सुरू झाली तेव्हा आई धावत आली. "आनि तिकडं उतरवशील कसा?"

"बघू!" मी म्हणालो. असं उत्तर मी कारखान्यात कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याचं काम तिथेच नापास केलं असतं.

रस्ताभर जीपचं स्टिअरिंग एकीकडे आणि चाकं दुसरीकडे अशी आमची वाटचाल चालली होती. पण बाबा खूश होते. इतक्या उंचावरून त्यांना लोकांच्या कुंपणाआडचं दिसत होतं. "यांनी मिरच्या वाळत घातल्यात... यांची म्हैस व्यायली वाटतं..." असं करत ते बदलापूरपर्यंत आले. ओहोळ आला. जीप एकेका धोंड्यावरून डुलत गेली आणि पोटाला एकही धोंडा लागला नाही!

"गाडी बरी केलीस," बाबा म्हणाले.

बाबांनी माझ्या कुठल्याही कामाला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले आणि मी करवंदाच्या जाळीत जीप घातली. पण ते लगेच निस्तरलं.

शेतात आंब्याखाली मोजणीचे साहेब टेबल मांडून बसले होते. दोन पंच होते आणि हिराकाका होते.

"बाळाराम कोण?" साहेबांनी विचारलं.

"वर आहेत," मी म्हणालो.

"खाली बोलवा."

"येत नाहीत."

"का?"

"उंच आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मालकाने बांध चालून दाखवावा लागतो. नाहीतर मी गैरहजर लिहितो."

"गैरहजर? अहो, समोर दिसतायत की!"

"जमिनीची मोजणी आहे. जमिनीवर हजर पाहिजेत. हे हवेत आहेत."

मी पळत गेलो आणि ओणवा झालो. "बाबा, माझ्या पाठीवर पाय ठेवा!" बाबांनी एक पाय ठेवला. माझी पाठ बसली, मी ढेकळांत तोंडावर पडलो आणि बाबांनी पाय वर ओढून घेतला. मी उठलो, पुन्हा ओणवा झालो, पुन्हा पडलो. पंच तोंड फिरवून हसत होते. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आता मात्र मला खरोखर भीती वाटली. वर पाहिलं तर बाबा समोरच्या काचेची चौकट धरून बसले होते आणि शेताकडे बघत होते. मी त्यांना शेतापर्यंत आणलं होतं आणि शेतात पाय ठेवता येणार नाही अशी चोख व्यवस्थाही मीच केली होती. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

हिराकाका वळले आणि आपल्या घराकडे चालू लागले. झालं, जिंकला हा, असं मला वाटलं. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पेंढ्याच्या उडवीवर चढायची बांबूची शिडी होती. ती त्यांनी जीपला टेकवली.

"बाला, उतर."

इतक्या वर्षांनी बोललेले पहिले शब्द. बाबांनी शिडीकडे पाहिलं.

"शिडी कुनाची?"

"माजी."

"मंग नको."

"बरं. ऱ्हा बसून," हिराकाका म्हणाले. "पावसाल्यात येतो भात लावायला, तवा भेटू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं. मग बाबा हळूहळू पाठमोरे झाले आणि त्यांनी एक पाय खाली सोडला. तो हवेत चाचपडत राहिला. हिराकाका पुढे झाले, दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि शिडीच्या पायरीवर ठेवला.

"हा बसला. आता दुसरा सोड."

"हलतंय!"

"तू हलतोयस. शिडी नाय हलत."

"नीट धर ना रं!"

"इतकी वर्सं मनात धरून ठेवलाय तुला. सोडीन व्हय आता?"

असं करत बाबा जमिनीवर आले. हिराकाका मात्र त्यांच्या पायाशी वाकलेलेच.

"ऊठ की," बाबा म्हणाले.

"उठवत नाय."

"का?"

"गुडघे."

"तुजे पन?"

"दोन वर्सं झाली."

बाबांनी त्यांना काखेत हात घालून उभं केलं. मग दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून निघाले. मागे साहेब, मोजणीची साखळी धरणारे त्यांचे दोघं, पंच, आणि सगळ्यात शेवटी पाठ धरून मी. बांधाबद्दल दोघं चकार शब्द बोलत नव्हते. "निर्गुडीचं तेल लावतोस?" "लावलं. गुन नाय." "मी गरम पान्यानं शेकतो." "त्याचा पन गुन नाय." अर्ध्यात पोचल्यावर दोघांना धाप लागली आणि दोघं थांबले.

"हं, हद्दीचा दगड कुठे होता?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी वरच्या अंगाला पाहिलं. त्यांच्या मते दगड तिथे होता. हिराकाकांनी खालच्या अंगाला पाहिलं. त्यांच्या मते तो तिथे होता. दोन्हीकडे अजून चालायचं होतं.

"इथंच लावा," हिराकाका म्हणाले.

"इथं?" साहेब चकित झाले. "इथे होता?"

"नव्हता. पन पुढं चालवत नाय."

"माज्यानं पन," बाबा म्हणाले.

साहेबांनी नकाशावर पट्टी धरून पाहिली. ती जागा साधारण मधोमध येत होती. (हे कायद्यात कुठे बसतं, मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नसावं, कारण त्यांनी घाईघाईने दोघांच्या सह्या घेतल्या.) दगड रोवला गेला. हिराकाकांच्या घरून चहा आला. निघताना त्यांनी बाबांना शिडीवरून वर चढवलं, शिडी जीपला आडवी बांधून दिली आणि मला दम भरला, "घरी नीट उतरव. आनि रविवारी घेऊन ये."

आम्ही दर रविवारी गेलो. दोघं बांधावर शेजारी शेजारी बसायचे.

नात्यागोत्यात ही गोष्ट पसरली. लग्नाच्या मांडवात, सुतकाच्या बैठकीत, कुणी ना कुणी बाबांना विचारायचंच, "काय बाळाराम, एवढी भाऊबंदकी, मिटली कशी?"

बाबा मला जवळ बोलवायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे सांगायचे, "या पोरानं गाडी अशी करून ठेवली, अशी करून ठेवली, की हिराजीला माजी दया आली."

मग जरा थांबून, कौतुकाने म्हणायचे, "इंजिनेरिंगचा डिप्लोमा हाय त्याच्याकडं."