शिरीषचा नवा डॅक

माझ्या मित्रानं, शिरीषनं, नवा डॅक घेतला, म्हणून मी माझा जुना डॅक पिशवीत घालून त्याच्याकडे गेलो. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं गाणं करणारी पेटी. एकच ठुमरी दोन्हींवर ऐकायची, एवढाच बेत होता.

नव्यावर गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू आला. मला हेवा वाटला. मग माझा लावला. आवाज किंचित भरड, पण भरलेला. आम्ही वाद घालत होतो, तेवढ्यात शिरीषची बायको मीना ओले हात पुसत बाहेर आली. शिरीष लगेच मधल्या खुर्चीवरून उठला. तिथंच सगळ्यात छान ऐकू येतं. ती बसली, डोळे मिटून दोन्ही ऐकलं.

"नव्यात सगळं स्वच्छ आहे रे," ती म्हणाली, "पण जुन्यात बाई इथं बसून गातेय."

म्हणजे मी जिंकलो होतो. पण शिरीषचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "पुन्हा लावू?" त्यानं तिला विचारलं आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. नव्या पेटीचा हेवा कुठल्या कुठे गेला आणि त्याहून वाईट हेवा मनात शिरला. पेटी काय, उद्या मीही आणीन. असं शेजारी बसून ऐकणं कुठून आणू?

घरी आल्यावर डॅक जोडला, गाणं लावलं आणि बायकोला हाक मारली, "सुधा, जरा ये ना इकडे."

ती दारातूनच म्हणाली, "का? बिघडला का?"