टाकीतली काठी

पाणीवाले काका पहाटे चारला नळ सोडताना हात जोडतात, ते भाडेकरूंना. का, ते सांगतो.

चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून त्यांची खोली. काकांनी पंप चालवायचा, पाणी सोडायचं. त्याबद्दल थोडा पगार आणि खोली फुकट. अशी बावीस वर्षं गेली आणि मालकाने इमारत विकायला काढली. नवा मालक आला की खोली गेली, असं धरून काकूंनी सगळं घर पोत्यात भरलं. बाहेर ठेवलं एक पातेलं आणि दोन कप.

घेणारा दुपारी चार वाजता बघायला यायचा होता. सकाळीच पंप रुसला, म्हणून काकांनी मेकॅनिकला निरोप धाडला. दहाच्या सुमारास धुळकट चपला घातलेला, खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस जिना चढून आला. काकांनी त्याला दम खाऊ दिला नाही. हातात पाना देऊन टाकीचं झाकण उचलायला लावलं. माणूस गुणी, मुकाट्याने उचललं.

आत पाणी मोजायची, खुणा केलेली काठी उभी होती. त्याने विचारलं, या कसल्या? झालं! काकांची गाडी उताराला लागली. ही खूण पहाटेची, बेकरीवाल्यांचं भरून झालं की पाणी इथवर उतरतं. ही सहाची, नर्सबाईंची. ही कचेरीवाल्यांची, आणि ही नाटकाचे दिवे लावणाऱ्यांची, ते उठतातच दुपारी. इथले काही भाडेकरू कामाला होते तो कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा काका धास्तावले होते, इमारत ओस पडणार म्हणून. पण टाकीत पाणी उरलं ते रोजच्यापेक्षा तीनच बोटं जास्त. आणि महिन्याभरात बंदरावरची माणसं राहायला आली, तेही उरेना.

"या शहरात चुली शंभर आहेत हो," काका म्हणाले. "एक विझली म्हणून कुणी उपाशी झोपत नाही."

त्याच दमात त्यांनी तिसऱ्या मजल्याची ओल आणि तुंबणारं गटारही सांगून टाकलं.

"मग घ्यावी का अशी इमारत?"

"डोळे मिटून घ्यावी. पण आमची खोली जाईल, म्हणून कुणी घेऊ नये असं वाटतं."

एवढ्यात खरा मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन वर आला. काका एकदा याच्याकडे बघतात, एकदा त्याच्याकडे. दारातून काकू म्हणाल्या, "अहो, राबवून घेतलंत, आता चहाचं तरी विचारा."

पाहुणा हात पुसत हसला. इमारत नटायच्या आत बघावी म्हणून तो मुद्दाम लवकर आला होता. दहा इमारती पाहिल्या, सगळ्यांनी फरश्या दाखवल्या, भाडेकरू दाखवले ते तुम्हीच, म्हणाला.

"घेतो मी. काठी इथेच राहू दे. आणि ती वाचणारे तुम्ही कुठे निघालात?"

काकू आत वळल्या. चहाला चार माणसं आणि बाहेर कप दोनच. त्यांनी पोत्याची गाठ सोडली.